पावतीचा पाहुणा

गेल्या महिन्यांत या सदरांत माळ्यावरच्या पोथ्या आणि वाळवी यांविषयीं लिहिलें होतें. त्या विषयाचें बरेंच सांगावयाचें राहिलें आहे; परंतु तें पुढल्या खेपेस. मध्यंतरीं आमच्या घरांतच एक प्रकरण असें उद्भवलें कीं, तें बाजूस सारून दुसरें कांहीं लिहिण्यास लेखणी धजत नाहीं.

माझ्या मुलीची मुलगी किर्गिझस्तानांत बिश्केक येथें वैद्यकाचें शिक्षण घेत आहे. हल्लीं आपल्याकडचीं पुष्कळ मुलें त्या शहरीं शिकावयास जातात, तेव्हां वाचकांपैकीं कित्येकांस हें नांव नवें नसेल. पौषांत ती सुटीवर डहाणूस आली. रात्रीं जेवणें उरकल्यावर माजघरांत सर्व मंडळी जमली म्हणजे तिच्याकडून तिकडच्या हकीकती काढून घेणें हा आम्हां वृद्धांचा उद्योग. एके रात्रीं तिनें सोंग-कुल नांवाच्या सरोवराची गोष्ट सांगितली. समुद्रसपाटीपासून सुमारें तीन हजार मीटर उंचीवर हें सरोवर आहे. आसपास झाड म्हणून नाहीं, नुसतें गवत. उन्हाळ्याचे तीनचार महिने किर्गिझ लोक आपलीं मेंढरें, घोडे व गाई घेऊन तेथें चढतात आणि थंडी पडूं लागली कीं खालीं उतरतात. राहावयाचें घर तेंही बरोबरच नेतात. लवचिक काठ्यांची जाळीदार भिंत गोल उभी करावयाची, तिला वांकविलेले वांसे बांधून ते माथ्यावरच्या एका लांकडी चक्रांत खोंचावयाचे, आणि सगळ्यावर लोकरीचे जाड नमदे गुंडाळावयाचे, कीं घर तयार. त्या माथ्यावरच्या चक्रास ‘तुंदुक’ म्हणतात. त्या देशाच्या ध्वजावर सूर्याच्या मध्यभागीं तेंच काढलेलें आहे. आपण ध्वजावर धर्मचक्र घेतलें, त्यांनीं घराचें आढें घेतलें!

अशा एका घरांत ती मैत्रिणींसह दोन रात्री राहिली. (तंबू म्हटलेलें तिला खपत नाहीं, घरच म्हणावें असा तिचा आग्रह.) दारासमोरची आंतली जागा मानाची, ती पाहुण्याला देतात. चुलींत वाळलेलें शेण जळतें. हें ऐकतांच आमच्या वहिनी म्हणाल्या, “मग गोवऱ्याच कीं!” आणि तेव्हांपासून त्या देशाविषयीं त्यांचें मत बरें झालें. घोडीचें आंबविलेलें दूध पुढें आलें, तें तिनें घोटभर घेतलें. निघतांना राहण्या-जेवण्याचे पैसे दिले.

“पैसे?” सौ.नें विचारलें. “घरीं आलेल्या पोरींकडून?”

मग नातीनें ती व्यवस्था समजावून सांगितली, ती थोडक्यांत देतों. १९९१ मध्यें सोव्हिएट संघ मोडला, किर्गिझस्तान स्वतंत्र झालें, आणि सरकारी सामुदायिक शेतें व कळप विस्कटले. मेंढ्यांची संख्या थोड्याच वर्षांत निम्म्याहून खालीं आली. हातीं पगार उरला नाहीं. उरलें तें कुरण, घर आणि आलेल्याला बसवून घेण्याची जुनी चाल. इ.स. २००० च्या सुमारास हेल्वेटास नांवाच्या स्विस संस्थेच्या साहाय्यानें कोचकोर वगैरे गांवच्या कुटुंबांनीं गट केले. प्रवासी आला कीं तो गटाकडे जातो. दर ठरलेला असतो, कोणत्या घरीं उतरावयाचें तें गट सांगतो. रकमेचा मोठा भाग त्या घराला आणि थोडा गटाच्या खर्चाला. २००३ मध्यें अशा गटांची देशव्यापी संघटना झाली. नमद्यांच्या त्यांच्या कलेस २०१२ मध्यें आणि हें घर बांधण्याच्या विद्येस २०१४ मध्यें युनेस्कोनें वारशाच्या याद्यांत घेतलें.

हें ऐकून मीं मास्तरकीच्या संवयीनें शंका काढली. “अतिथि म्हणजे ज्याची तिथि ठरलेली नाहीं तो. तुम्ही दिवस ठरवून गेलां, पैसे मोजून राहिलां. तुम्ही कसल्या अतिथि?”

“नसूं आम्ही अतिथि,” ती म्हणाली. “पण आजोबा, तुम्ही एकतीस वर्षें तलासरीकडे शिकवलेंत. वारल्यांच्या घरीं किती रात्री राहिलां?”

एकही नाहीं. रात्रीचें राहूं द्या. एक वेळचें जेवणही नाहीं. सकाळच्या एस्.टी.नें जावें, संध्याकाळच्या एस्.टी.नें परत यावें, हा एकतीस वर्षांचा क्रम. भाताची कापणी व दिवाळी झाली म्हणजे पाडेच्या पाडे कामासाठीं बाहेर पडत. कोणी वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर, कोणी मासेमारीच्या बोटींवर खलाशी म्हणून, कोणी वापी-उंबरगांवच्या कारखान्यांत. आईबापांबरोबर मुलें जात. कार्तिकानंतरचा माझा हजेरीपट म्हणजे ‘गै’ या अक्षराचा कित्ता. होळीला मंडळी परतत तों परीक्षा तोंडावर आलेली. एखादा हुषार मुलगा दिसेनासा झाला तर मी त्याच्या पाड्यापर्यंत जात असें. अंगणांत उभा राहत असें. घरांतून बाज बाहेर काढली जाई, म्हातारी आजी पाण्याचा तांब्या आणी, आणि ‘घाईंत आहें’ असें म्हणून मी दोन्ही टाळीत असें. मला खरोखरच घाई आहे, असें मी पुष्कळ वर्षें समजत होतों.

ते लोक आमच्या घरीं येत नसत असें नाहीं. मोळी, करवंदें, पावसाच्या तोंडीं शेवळें घेऊन येत, ओटीवर बसत, चहा मिळे. त्या चहाचा कप निराळा होता. ओटीच्या कोनाड्यांत तो पालथा घातलेला असे. हें लिहितांना लाज वाटते. परंतु या मासिकाच्या वाचकांच्या घरीं असा कोनाडा कधींच नव्हता, असेंही मी समजत नाहीं.

आपल्यांतून त्या घरांत कोणी गेलेंच नाहीं असें मात्र नव्हे. गोदावरी परुळेकर या पुण्याच्या गोखल्यांच्या घरांतल्या, कायद्याच्या पदवीधर. १९४५ मध्यें त्या या मुलुखांत आल्या. त्या वेळीं वारल्यांवर वेठ होती. लग्नासाठीं सावकाराकडून कर्ज काढलें कीं नवरा-बायको दोघेंही त्याच्या घरीं राबत; त्यांस ‘लग्नगडी’ म्हणत. २३ मे १९४५ रोजीं, हल्लीं तलासरी तालुक्यांत असलेल्या झरी येथें वारल्यांची मोठी सभा झाली, आणि वेठ करावयाची नाहीं असा निश्चय झाला. त्याच वर्षीं १० ऑक्टोबरला तलवाडा येथें गोळीबार होऊन माणसें मेलीं. गोदावरीबाई पाड्यापाड्यांतून हिंडल्या, वारल्यांच्या झोंपड्यांत राहिल्या, त्यांच्यांतच जेवल्या. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हें त्यांचें पुस्तक १९७० सालचें. त्यांतले भाग मीं वर्गांत वाचून दाखविले आहेत, तेही वारल्यांच्याच मुलांना! तारাবाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ मध्यें बोर्डीस बालशिक्षणाचें काम मांडलें आणि १९५७ मध्यें तें कोसबाडच्या टेकडीवर नेलें. मुलें शाळेंत येत नाहींत असें दिसतांच त्यांनीं शाळाच पाड्याच्या अंगणांत नेली; गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा काढली. कोसबाड आमच्या घरापासून कांहीं फार लांब नाहीं. मी मात्र वर्गांत बसून ‘गै’ मांडीत राहिलों.

शास्त्राकडे पाहावें तर गृहस्थाच्या पंचमहायज्ञांपैकीं मनुष्ययज्ञ तो अतिथीचाच. तैत्तिरीय उपनिषदांत विद्या संपवून घरीं निघालेल्या शिष्यास गुरु जो उपदेश करतो, त्यांत अतिथीला देव मानण्यास सांगितलें आहे. हें सर्व आपल्या दारीं कोण आला याविषयींचें झालें. आपण कोणाच्या दारीं जावें याविषयीं पाहूं गेलें तर स्मृतींत कोणाचें अन्न घेऊं नये याच्या लांबलचक याद्या तेवढ्या सांपडतात. माझे वडील वार लावून जेवले व शिकले. पण सातही वार आपल्याच आळींतले. देण्याची संवय आपल्याला आहे, आपसांत घेण्याचीही आहे. आपण ज्याला खालचा समजलों त्याच्या पाटावर बसून त्यानें वाढलेलें निमूटपणें जेवणें ही विद्या मात्र आपल्या अभ्यासक्रमांत नव्हती.

असो. माझा एक जुना विद्यार्थी तलासरीच्या पलीकडे, उधव्याच्या बाजूस एका पाड्यावर राहतो. वापीच्या कारखान्यांतलें काम सोडून तो घरीं आला, आणि तीन वर्षांपूर्वीं त्याच्या व शेजारच्या मिळून पांच घरांनीं पाहुणे ठेवण्यास आरंभ केला, असें त्यानेंच एकदां बाजारांत भेटला तेव्हां सांगितलें होतें. मीं त्या वेळीं “वा, छान” म्हटलें आणि भाजी घेऊन घरीं आलों. नातीनें आतां तें प्रकरण उकरून काढलें, त्याला फोन केला, आणि दोन रात्रींचें ठरवून टाकलें. सौ. येईल अशी माझी कल्पना नव्हती. ती म्हणाली, “तिकडे घोडीचें दूध पिऊन पोरगी जगली, मला भाकरी खाऊन काय होणार आहे?” वहिनी आल्या नाहींत. त्यांनीं वाटेसाठीं दशम्या मात्र बांधून दिल्या, त्या कशासाठीं तें न सांगतांच सर्वांना कळलें.

पाड्यावर पोंचलों तेव्हां ऊन कललें होतें. पुढें विटांच्या दोन खोल्या, सरकारी घरकुल योजनेंतल्या. मागें वडिलांच्या वेळचें कुडाचें घर. लांकडाच्या मेढी, त्यांच्यामध्यें कारवीच्या काठ्यांचा कूड, वरून माती व शेण यांचा गिलावा. आंत एका बाजूस भाताची कणगी, दुसऱ्या बाजूस चूल. आमची व्यवस्था याच घरांत होती. विद्यार्थ्याचा धाकटा भाऊ हंसत म्हणाला, “गुरुजी, कुडांतून निघून विटांच्या घरांत जायला आम्हांला वीस वर्षें लागलीं. आणि मुंबईचे लोक पैसे भरून कुडांत झोंपायला येतात!”

त्याचें हंसणें मला बरोबर वाटलें. पक्क्या घराची इच्छा धरणारास ‘तुझें जुनेंच घर सुंदर’ असें सांगणें हें पक्क्या घरांत राहणाऱ्यांस फार सोपें आहे. परंतु यांत एक दुसरीही बाजू निघाली. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरींत भूकंपाचे धक्के बसूं लागले. धुंदलवाडीच्या बाजूस तर ते रोजचेच झाले. १ फेब्रुवारी २०१९ रोजीं एकाच दिवशीं अनेक धक्के बसले, त्यांतला मोठा ४.१ तीव्रतेचा. भर थंडींत माणसें पोरांबाळांसह बाहेर तंबूंत झोंपलीं. विद्यार्थ्यानें आपल्या नव्या भिंतीची बुजविलेली भेग मला दाखविली. मागचा कूड हलला आणि पुन्हां जागेवर आला, असें तो म्हणाला. कारण उघड आहे: भिंत हलकी, काठ्या बांधलेल्या, लवणाऱ्या, तिच्याखालीं सांपडून मनुष्य मरण्याची भीति विटांपेक्षां पुष्कळच कमी. नातीनें लगेच किर्गिझांच्या जाळीच्या भिंतीची तुलना काढली. त्या घरची म्हातारी तें लक्ष देऊन ऐकत होती. “त्यांच्याकडे कारवी आहे का?” एवढेंच तिनें विचारलें. कारवी नाहीं हें ऐकून तिला त्या लोकांची दया आली.

आतां जेवणाविषयीं. विद्यार्थ्याच्या बायकोनें पानें मांडलीं. तांदळाची भाकरी, वालाच्या शेंगांची भाजी, उडदाचें वरण, मिरचीचा ठेंचा. आम्ही बसलों तों विद्यार्थी हात जोडल्यासारखे करून म्हणाला, “गुरुजी, भांडीं नवीं आणलीं आहेत. ह्यांत मासळी कधीं शिजलेली नाहीं.” मला उत्तर सुचेना. चाळीशी उलटलेला, दोन मुलांचा बाप. आणि मी घरीं येणार म्हणून तो पातेलीं विकत घेऊन आला होता. ज्यानें हें शिकविलें तो मीच असलों पाहिजे. कोनाड्यांतला कप त्यानें आमच्या ओटीवर पाहिला होता. सौ. उठली, चुलीपाशीं गेली, आणि “तुला एकटीला कशाला त्रास” असें म्हणत भाकरी थापावयास बसली. तिची पहिली भाकरी फाटली, कारण त्यांच्या भाकरीला पाणी निराळ्या बेतानें लागतें. त्यावर दोघींत जें बोलणें सुरू झालें तें जेवणें होईपर्यंत थांबलें नाहीं. दशम्यांची पुरचुंडी मीं पिशवींतून काढून मुलांपुढें ठेवली; त्यांनीं ती संपविली.

ताडी घेणार का, असें धाकट्यानें विचारलें. मीं नको म्हटलें, तेव्हां त्यानें आग्रह केला नाहीं. हीही एक सभ्यताच.

दुसरे दिवशीं सकाळीं विद्यार्थ्यानें गेरूनें सारविलेल्या कापडावर तांदळाच्या पिठानें चित्र काढून दाखविलें. वारली चित्रांची कीर्ति आतां सर्वत्र झाली आहे. २०१४ मध्यें त्यांस भौगोलिक निर्देशनही मिळालें. परंतु मुळांत हें काम लग्नांतलें आणि बायकांचें. सुवासिनींनीं घरांतल्या भिंतीवर देवचौक काढावयाचा, त्यांत पालघट देवी बसवावयाची, आणि मग लग्न लागावयाचें. तलासरी तालुक्यांतील धामणगांवीं जन्मलेले व डहाणू तालुक्यांत गंजाड येथें राहिलेले जिव्या सोमा मशे यांनीं १९७० नंतरच्या दशकांत हीं चित्रें लग्नावांचून, कागदावर व कापडावर काढण्यास आरंभ केला; त्यांस २०११ मध्यें पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्यें ते वारले. त्यांच्यामुळें गंजाडला देशोदेशींचे लोक चित्रें पाहावयास व शिकावयास येऊं लागले. पाहुणा ठेवण्याची ही वाट या भागांत प्रथम चित्रांवरून पडली, असें म्हणावयास हरकत नाहीं.

“मग चौकही काढून दाखवा कीं,” मी म्हणालों.

“चौक नाहीं काढत, गुरुजी,” विद्यार्थी म्हणाला. “लग्न असेल तेव्हां या.” तारपा ऐकावयाचा असेल तर त्याचे दिवस भात पिकल्यावरचे, पाहुणा आला म्हणून तो वाजवावयाचा नाहीं, असें पांचही घरांनीं मिळून ठरविलें आहे. कोणी दुप्पट पैसे देतों म्हटलें तरी नाहीं. आयुष्यांत त्यानें मला प्रथमच नकार दिला, आणि तो देतांना त्याचा आवाज मुळींच कांपला नाहीं. मला बरें वाटलें.

हें सर्व मी मुद्दाम विस्तारानें लिहितों, कारण इकडे आतां पुष्कळ कांहीं येऊं घातलें आहे. २०१३ पासून मुंबईची लोकल डहाणूपर्यंत येते. बोर्डी-घोलवडच्या चिकूच्या वाड्यांत सुटीला येणाऱ्यांची गर्दी वाढत आहे. वाढवणच्या बंदराची पायाभरणी २०२४ मध्यें झाली. आदिवासींची जमीन परवानगीवांचून बिगर-आदिवासींस घेतां येत नाहीं, आणि डहाणू तालुका १९९१ च्या अधिसूचनेनें पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरलेला आहे. या दोन कुंपणांमुळें बरेंच वांचलें. तरीही पाहुणा येणारच. प्रश्न एवढाच कीं, तो आल्यावर वारली यजमान असेल कीं पाहुण्याच्या हॉटेलांत ताटें उचलणारा पोऱ्या असेल. धाकट्यानें दोन्ही करून पाहिलें आहे. “तिकडे पगार जास्त होता,” तो म्हणाला. “पण तिकडे मला कोणी जेवलास का म्हणून विचारलें नाहीं. इकडे मी पाहुण्याला विचारतों.” अकोले तालुक्यांतील पुरुषवाडी या महादेव कोळ्यांच्या गांवीं काजव्यांच्या दिवसांत असेच पाहुणे घरोघर उतरतात, तेथें हा क्रम गेलीं कित्येक वर्षें चालला आहे. म्हणजे हें आपल्या राज्यांत होत नाहीं असें नाहीं. राज्याची ‘निवास व न्याहारी’ योजनाही आहे. पण कागद, नोंदणी, अर्ज हें सारें ज्याला लिहितां येतें त्याच्यासाठीं असतें. येथील पांच घरांचे अर्ज विद्यार्थ्याच्या बायकोनें लिहिले. ती दहावीपर्यंत शिकली आहे. माझ्या शाळेंत नव्हे.

आणि या बाईनेंच आम्हांला खरा धडा दिला. निघण्याच्या सकाळीं मीं पाकीट काढलें. विद्यार्थी दोन पावलें मागें सरला. “गुरुजी, तुमचे कसे घ्यायचे?” मीं आग्रह केला, त्यानें कानाला हात लावले, मीं मुलांच्या हातांत नोटा कोंबूं लागलों, त्यानें मुलांना हांक मारून नेलें. आपल्या घरीं पाहुणे निघतांना जो झगडा होतो तोच हुबेहुब. दोन्ही पक्षांना आपापला मोठेपणा सिद्ध करावयाचा असतो. इतक्यांत बाई आंतून एक वही व पावतीपुस्तक घेऊन आली आणि ओट्यावर बसली. माणशीं रात्रीचे आठशें रुपये, तीन माणसें, दोन रात्री. तिनें आकडा मांडला.

“अग, गुरुजी आहेत ते!” विद्यार्थी म्हणाला.

“म्हणूनच,” ती म्हणाली. “गुरुजींची पावती फाडली नाहीं तर उद्यां सरपंचांचे पाहुणे फुकट, परवां तलाठ्याचे. मग गट कशाचा? पाळी यंदा आपली होती, पुढच्या वेळीं दुसऱ्या घरची आहे. त्यांनीं काय करायचें?”

भिंतीला टेकून बसलेली म्हातारी यावर बोलूं लागली. तिच्या बोलींतलें सगळें मला कळलें असें नाहीं. कळलें तें असें. तिच्या सासूच्या वेळीं पाड्यावर पाहुणा येत असे. सावकाराचा माणूस येई, जंगलाचा शिपाई येई. बाजेवर बसे, कोंबडी मागे, जेवून जाई, जातांना मोळी घेऊन जाई. तोही पाहुणाच म्हणवून घेई. पैसे न देणारा पाहुणा पाड्यानें पुष्कळ पाहिला आहे. हा पैसे देऊन जातो आणि निघतांना ‘येतों’ म्हणतो, हा बरा.

मी तसाच उभा राहिलों. पैसे घेतले म्हणजे अतिथिधर्म बुडाला, असें मीं नातीला मोठ्या तोऱ्यानें ऐकविलें होतें; आणि येथें वेठीचे दिवस ऐकून असलेली एक बाई मला सांगत होती कीं, पावती हीच तिच्या अंगणाची मर्यादा. फुकट घेण्याचा अधिकार ज्याला पिढ्यान्‌पिढ्या होता त्यानें मोजून द्यावें, आणि मोजून दिल्यावरही पाहुण्यासारखें वागावें, यांत धर्माला बाध कोठें येतो? घरीं आल्यावर मीं निरुक्त काढून पाहिलें. यास्कानें अतिथि शब्दाची जी दुसरी व्युत्पत्ति दिली आहे ती अशी: तिथीच्या तिथीला जो दुसऱ्यांच्या घरीं जातो तो. म्हणजे ठरवून जाणारा. इतकीं वर्षें मी मुलांना अर्धीच व्युत्पत्ति शिकवीत होतों. नातीला तसें पत्रानें कळविलें आहे.

पैसे मीं भरले. बाईनें पावती लिहिली. माझ्या आडनांवांत तिनें एक वेलांटी चुकविली होती, आणि माझा हात संवयीनें खिशांतल्या लेखणीकडे गेला. सौ.नें तो पाहिला. पावती तशीच आहे. पंचांगांत ठेवली आहे.

विद्यार्थ्याला मीं आणखी एक विचारलें. त्याचीं मुलें दिवाळीनंतर शाळेंत असतात का? पाहुण्यांचे दिवस कार्तिक ते माघ. म्हणजे नेमके गांव ओस पडण्याचे. त्याचीं दोन्ही मुलें शाळेंत आहेत. धाकट्याचीं दोघें यंदा प्रथमच पूर्ण वर्षभर घरीं राहिलीं. पांच घरांतलीं दोन घरें अजून भट्टीवर जातात, कारण सर्वांना पुरतील इतके पाहुणे येत नाहींत. येतील तेव्हां येतील. भातशेती आणि पाहुणे यांवरच पोट भरेल असें तो म्हणत नाहीं. मीही म्हणत नाहीं.

नात बिश्केकला परत गेली. माघ वद्य पंचमीस आम्हीं त्या मंडळींना आमच्याकडे जेवावयास बोलाविलें. सौ.नें पाट माजघरांत मांडले. कोनाड्यांतला कप तिनें आदले दिवशींच काढून टाकला होता. कोठें टाकला तें मीं विचारलें नाहीं. विद्यार्थी, त्याची बायको, दोन्ही मुलें, धाकटा आणि म्हातारी अशीं सहा माणसें आलीं. म्हातारी उंबऱ्यापाशीं थबकली, तिला सौ.नें हात धरून आंत आणली. धाकटा मुलगा चार पुरणपोळ्या जेवला. वहिनी मात्र पंगतीस बसल्या नाहींत; आज माझा उपवास आहे, असें त्यांनीं सांगितलें. पंचमीचा उपवास आमच्या घरांत कोणी केलेला मला आठवत नाहीं.

दुपारीं सर्व मंडळी आडवी झाली तेव्हां ओटीवर बोलण्याचा आवाज आला. वहिनी आणि ती म्हातारी गुडघ्यांविषयीं बोलत होत्या. दोघींचेही दुखतात. वहिनींनीं तिच्याकडून निर्गुडीचा पाला मागविला आहे.